डॉ. वसंत रामजी खानोलकर : सवयींतून कर्करोगाचा माग काढणारे संशोधक

शास्त्रज्ञ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दुर्बीण, अणुभट्टी किंवा अवकाशयान उभे राहते. या अंकात ज्यांची ओळख करून द्यायची आहे, त्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मात्र माणसे तंबाखू तोंडात कुठे धरतात, चुट्टा कसा ओढतात आणि धोतर कमरेला कसे बांधतात याचा अभ्यास केला. त्यावरून त्यांनी कर्करोगाविषयी जगाला तोवर ठाऊक नसलेल्या गोष्टी दाखवून दिल्या. भारतातील पॅथॉलॉजीचे म्हणजे विकृतिशास्त्राचे जनक म्हणून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव माहीत असते. आपल्याकडे ते फारसे कुणाच्या कानावर नाही. वास्तविक खर्ऱ्याच्या या मुलखात ते घरोघरी माहीत असायला हवे.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी एका गोमंतकीय मराठी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी त्यांनी मिळवली. त्या काळी विलायतेहून एम.डी. होऊन आलेल्या डॉक्टरने मुंबईत दवाखाना थाटला असता तर पैसा आणि लौकिक दोन्ही पायाशी चालत आले असते. खानोलकरांनी शिकवण्याचा आणि प्रयोगशाळेचा मार्ग धरला. आधी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. या कॉलेजला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले होते. सगळेच नवीन असल्याने पुष्कळ गोष्टी पहिल्यापासून उभ्या करायच्या होत्या.

विकृतिशास्त्रज्ञ नेमके काय करतो, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. कारण रुग्णाला तो बहुधा कधी दिसतच नाही. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर गाठीचा किंवा जखमेचा लहानसा तुकडा काढून पाठवतो. प्रयोगशाळेत तो तुकडा मेणात घट्ट बसवतात आणि त्याचे अतिशय पातळ काप काढतात. हे काप एका मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे पातळ असतात. मग ते काचपट्टीवर घेऊन रंगवतात. पेशीचे केंद्रक निळेजांभळे दिसते आणि बाकीचा भाग गुलाबी. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी पेशी शाळेच्या प्रार्थनेतल्या रांगांसारख्या ओळीत असतात. कर्करोगाच्या पेशी रांग मोडतात, वेडेवाकडे आकार घेतात आणि शेजारच्या भागात घुसतात. गाठ साधी की कर्करोगाची, याचा निकाल अखेर तेथे लागतो. खानोलकरांनी आयुष्यभर अशा काचपट्ट्या पाहिल्या. पण काचपट्टीच्या पलीकडचा माणूस, त्याचा गाव, त्याचा धंदा आणि त्याच्या सवयी विचारण्याची शिस्त त्यांनी लावून घेतली. माझ्या मते त्यांचे मोठेपण यातच आहे.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले. खानोलकर तेथील प्रयोगशाळा आणि संशोधन विभागाचे संचालक झाले. तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीसच्या पुढे होते. प्राध्यापकी स्थिरावलेली असताना त्यांनी हा नवा संसार मांडला.

त्या वेळी कर्करोग हा गोऱ्या, सुधारलेल्या लोकांचा रोग आहे आणि हिंदुस्थानात तो विरळाच आढळतो, असा समज बराच पसरलेला होता. टाटा रुग्णालयाच्या दारात देशभरातून येणारी माणसे वेगळेच सांगत होती. कर्करोग येथेही होता, पण तो वेगळ्या जागी होता. फार मोठ्या संख्येने रुग्ण तोंडाच्या कर्करोगाचे होते. १९४४ साली खानोलकरांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने एक हजार रुग्णांचा आढावा घेऊन तो अमेरिकेतील एका नामांकित कर्करोग नियतकालिकात प्रसिद्ध केला. ओळीने हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. आपल्याला सोयीचे रुग्ण निवडून घेतले तर काहीही सिद्ध करता येते. दारात जो येईल तो मोजायचा ठरवले, म्हणजे खरे चित्र समोर येते.

पुढच्याच वर्षी म्हणजे १९४५ मध्ये त्यांनी आपल्या सहकारी डॉ. बी. सूर्याबाई यांच्याबरोबर एक लेख लिहिला. लेखाचा विषय होता चालीरीती आणि कर्करोग. वैद्यकाच्या पुस्तकांत नसलेले तीन प्रकार त्यात मांडले होते, आणि तिन्ही भारतीय जीवनातले होते.

पहिला प्रकार विशाखापट्टणमकडच्या किनारपट्टीतला. तेथे चुट्टा नावाची जाड विडी पेटते टोक तोंडाच्या आत ठेवून ओढण्याची रीत होती आणि बायकांत ती विशेष होती. ऊब, धूर आणि निखारा सगळे टाळूला लागत असे. जगात इतरत्र टाळूच्या कठीण भागाचा कर्करोग क्वचित दिसतो. या लोकांत तो नेमका तेथेच होत होता.

दुसरा प्रकार बिहारकडचा. तंबाखू आणि चुना तळहातावर मळून केलेली खैनी खालचा ओठ आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत धरून ठेवायची. कर्करोग त्याच खाचेत निघत असे.

तिसरा प्रकार ऐकून आजही नवल वाटते. धोतर वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच रेषेवर घट्ट आवळून बांधले, की तेथली कातडी घासली जाते. आधी तिचा रंग बदलतो, मग ती खरखरीत होते, पुढे न भरणारी जखम होते आणि काही जणांत त्या जखमेचा कर्करोग होतो. यात तंबाखू नाही की धूर नाही. आहे ते फक्त घर्षण, तेही वीस-तीस वर्षांचे. हा प्रकार वैद्यकात धोतराचा कर्करोग या नावानेच ओळखला गेला. तो जुना झाला असे समजू नका. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी दोन वयस्कर स्त्रियांची अशीच हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील एकीने साडीखालच्या परकराची नाडी आणि दुसरीने लुगडे कित्येक वर्षे कमरेला घट्ट आवळून बांधले होते. आपल्या घरातील आजींना एवढे विचारायला हरकत नाही की कमरेवर काळा पट्टा किंवा न भरणारी जखम आहे का. नाडी थोडी सैल ठेवणे, तिची जागा अधूनमधून बदलणे किंवा रुंद पट्टा वापरणे हा त्यावरचा बिनपैशाचा उपाय आहे.

या तीन उदाहरणांतून एक मोठी गोष्ट निघत होती. रोग रक्तात किंवा वंशात असता तर तो कुठेही उमटला असता. येथे तर ज्या जागी सवय, त्याच जागी रोग! १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने धुराडी साफ करणाऱ्यांच्या कातडीच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. खानोलकरांचे काम त्याच घराण्यातले आहे. फरक इतकाच की पॉटने एक धंदा पाहिला आणि खानोलकरांनी एका अवाढव्य देशाच्या चालीरीती पाहिल्या. दैवाने किंवा पूर्वजन्मीच्या पापाने आलेला रोग म्हणून हात जोडून बसणाऱ्या समाजाला, हा रोग पुष्कळ अंशी टाळता येतो, असे यातून कळत होते.

पण नुसत्या जागेवरून कारण सिद्ध होत नाही. तंबाखू खाणारे पुष्कळ लोक धडधाकट असतात, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आपल्या पारावर आजही ऐकू येतो. त्याला उत्तर द्यायचे तर रुग्णांची सवय आणि निरोगी किंवा दुसऱ्या रोगाच्या माणसांची सवय शेजारी शेजारी ठेवून मोजावी लागते. डॉ. एल. डी. संघवी आणि राव या सहकाऱ्यांबरोबर खानोलकरांनी हे काम केले आणि १९५५ मध्ये ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. तंबाखू चघळण्याचा संबंध तोंडाच्या पोकळीतील कर्करोगाशी आणि विडी-सिगारेटचा संबंध जिभेच्या मुळाशी, घशाच्या खालच्या भागाशी व अन्ननलिकेशी दिसला. विलायतेत डॉल आणि हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० मध्ये दाखवला होता. त्यांचे नाव जगभर झाले. मुंबईतील काम त्यानंतर पाचच वर्षांत झाले आणि ते आपल्या माणसांच्या सवयींवर होते, तरी आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला जागा मिळत नाही. असो.

मुंबईसारख्या शहरात एकाच हवापाण्यात नाना जातिधर्मांचे लोक राहतात. खानोलकरांनी याचाही उपयोग करून घेतला. पारशी स्त्रियांत स्तनाचा आणि हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग अधिक आढळतो, हे त्या काळच्या नोंदींत दिसत होते. लग्नाचे वय, बाळंतपणे, आहार, स्वच्छता अशा अनेक गोष्टी त्यामागे असू शकत होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एक विषाणू असल्याचे पुढे जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८०च्या दशकात दाखवले आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या विषाणूवरची लस आता पुण्यातही तयार होते. आपल्या मुलींना ती केव्हा द्यावी, हे पालकांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

१९५२ साली परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. इमारत आणि उपकरणे पैशाने येतात, माणसे घडवावी लागतात. पुण्याच्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकलेल्या कमल समर्थ लग्नानंतर कमल रणदिवे होऊन मुंबईला आल्या. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली काम करून त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. घेतली. नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात माणसाच्या पेशी जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र गाय यांच्याकडे होते. ते शिकून बाई परत आल्या आणि त्यांनी परळच्या केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांवरील प्रयोगांतून त्यांनी स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परांशी काय संबंध आहे याचा शोध घेतला. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या प्रभारी संचालक म्हणून काम पाहिले. त्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. पुढे अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. आपल्या शाळेतील मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

दुसऱ्या होत्या डॉ. सत्यवती शिरसाट. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशीच्या आत डोकावणाऱ्या आपल्याकडील आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. खानोलकर आणि शिरसाट यांचा एक प्रयोग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. तोंडाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होते, पांढरी पडते, तिखट लागले की आग होते आणि तोंड उघडेनासे होते. अशा रोगाचे वर्णन १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आले. हा कर्करोग नव्हे, पण त्याच्या वाटेवरचा एक टप्पा आहे. कारण काय असावे? आपल्या जेवणातल्या मिरचीवर संशय होता. म्हणून या दोघांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतील तिखट द्रव्य लावून पाहिले आणि १९६० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंदरांच्या टाळूत तसेच बदल दिसलेही. पुढे मात्र जसजसे रुग्णांचे अभ्यास वाढले, तसतसा पुरावा मिरचीवरून सरकून सुपारीवर स्थिर झाला. शास्त्राची वाट अशीच असते. प्रयोग नीट केला आणि नीट लिहून ठेवला, तर मागून येणाऱ्याला तो तपासून पुढे जाता येते.

कुष्ठरोगाच्या जंतूंचे मज्जातंतूंशी असलेले नाते, मुंबईतील निरनिराळ्या समाजांचे रक्तगट, केरळच्या किनाऱ्यावरील थोरियमयुक्त वाळूतून होणारा नैसर्गिक किरणोत्सर्ग, या सर्वांवर खानोलकरांनी काम केले किंवा करवून घेतले. अणुऊर्जा विभागाच्या जीवशास्त्र व वैद्यक सल्लागार समितीचे ते प्रमुख होते आणि अणुकिरणांच्या परिणामांवरील संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. कर्करोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपद, १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मान आणि पद्मभूषण, अशी पदांची व सन्मानांची यादी आणखी लांबवता येईल.

आता थोडे त्यांच्यानंतरचे. ज्या १९४४ साली खानोलकरांनी एक हजार रुग्णांचा आढावा छापला, त्याच साली न्यूयॉर्कमध्ये ॲव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आनुवंशिक गुण डीएनए या रसायनातून जातात हे दाखवले. तेव्हा या दोन गोष्टींचा मेळ बसलेला नव्हता. तो आज बसला आहे. प्रत्येक पेशीत डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेली सूचनांची पोथी असते. केव्हा वाढायचे, केव्हा थांबायचे आणि बिघाड झाला तर केव्हा मरायचे, हे त्यात लिहिलेले असते. तंबाखूतील नायट्रोसमाइन नावाची द्रव्ये या अक्षरांना चिकटतात आणि पोथीची नक्कल करताना चूक होते. चूक टीपी-५३ या राखणदार जनुकात झाली, तर बिघडलेली पेशी मरत नाही, ती वाढतच जाते. एका चुकीने कर्करोग होत नाही. वर्षानुवर्षे चुका साठत जातात, म्हणून आज विशीत लागलेल्या सवयीचे बिल चाळिशीत येते. २०१३ मध्ये पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील संस्था आणि नवी मुंबईतील ॲक्ट्रेक येथील शास्त्रज्ञांनी भारतीय रुग्णांच्या गाल व हिरडीच्या कर्करोगातील जनुके वाचून त्यांतले बदल प्रसिद्ध केले. खानोलकरांनी गालाची जी जागा बोटाने दाखवली होती, तिथली अक्षरे त्यांनी वाचली.

पालकांशी आणि विश्वस्त मंडळाशी येथे दोन शब्द बोलतो. आपल्या लोधीखेड्यापासून सौंसर, पांढुर्णा आणि पुढे नागपूरपर्यंत खर्रा हा पाहुणचाराचा भाग होऊन बसला आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला की झाला खर्रा. म्हणजे खानोलकरांच्या खैनीतली तंबाखू आणि चुना, वर तोंड आखडवणारी सुपारी! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूबरोबर सुपारीलाही माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवले आहे, तंबाखू नसली तरीही. तेव्हा मी नुसती सुपारी खातो, ही पळवाट बंद झाली. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली, पण खर्रा टपरीवर डोळ्यांसमोर घोटून मिळतो. त्यावर ना घटक छापलेले असतात ना इशारा. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही. संत्र्याच्या बागेतून घरी आलेला बाप मुलाच्या हातात पैसे देऊन खर्रा आणायला पाठवतो, तेव्हा हा कायदा आपणच मोडत असतो. पुढे तेच मूल चाखून पाहते.

शाळेला फार खर्च न करता करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे प्रत्येकाने पाहावे. जात नसतील, तिखटाने फार आग होत असेल, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. मुलांनी घरी जाऊन वडिलांची आणि काकांची हीच तपासणी घ्यावी. या अवस्थेत सवय सुटली तर बरेच काही वाचते. मागे राहिलेल्यांना नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाच्या फेऱ्या घालाव्या लागतात. त्या फेऱ्या आपल्यापैकी किती घरांनी घातल्या आहेत, हे मोजायला गावाबाहेर जाण्याची गरज नाही. पुरुषांमध्ये आपल्या देशात सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग आजही अगदी वरच्या क्रमांकावर आहे. कारण ठाऊक होऊन ऐंशी वर्षे झाली तरीही.

डॉ. खानोलकर २९ ऑक्टोबर १९७८ रोजी निवर्तले. त्याआधी १९६६ मध्येच त्यांचे संशोधन केंद्र आणि टाटा रुग्णालय एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले होते. संशोधनाचा विभाग पुढे परळहून नवी मुंबईत खारघरला गेला. तेथील एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव दिले आहे. विज्ञान शाखेला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी कुणी कधी मुंबईला गेले, तर तेथवर जाऊन यावे.